बट्टा कोण ठरवणार? नाण्यांची प्रतवारी, माणसाचा डोळा आणि संगणक

१/ एकाच वर्षी, एकाच टांकसाळीत पाडलेले दोन चांदीचे डॉलर घ्या. वजन तेच, चांदी तीच, चित्रही तेच. एकाच्या सीलबंद डबीवर ६४ हा आकडा छापलेला आहे, दुसऱ्याच्या डबीवर ६५. या एका अंकाच्या फरकाने काही नाण्यांची किंमत कित्येक पटींनी बदलते. हा आकडा ठरवतात दोन-तीन जाणकार माणसे, दिव्याखाली, काही सेकंदांत. १९९०च्या सुमारास अमेरिकेत या माणसांच्या जोडीला संगणक बसवून पाहिला गेला. तो टिकला नाही. आज तो पुन्हा दाराशी उभा आहे. तेव्हा काय घडले आणि पुढे काय घडू शकते, याचा हा धागा.

२/ नाण्याची प्रत ठरवणे हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. मुघल काळात चालू सालाचा ताजा रुपया ‘सिक्का’ म्हणून पूर्ण किमतीने चाले; मागच्या सालांचा रुपया ‘चलनी’ ठरे आणि त्याची किंमत थोडी कमी धरली जाई. ही जी घट कापली जाई, तिला म्हणत बट्टा. मराठी राज्यात पोतदार आणि सराफ नाणी पारखून घेत. झीज किती, चांदी कशी, नाणे कोणत्या टांकसाळीचे, हे सारे पाहून बट्टा ठरे. माणसाच्या नावाला लागणाऱ्या कलंकालाही आपण बट्टाच म्हणतो.

३/ बट्ट्याचा जाच व्यापाऱ्यांना होई, तसा राज्यकर्त्यांनाही. ईस्ट इंडिया कंपनीने बंगालमध्ये एक नामी तोड काढली. शाह आलमच्या कारकिर्दीचे १९वे साल हेच रुपयावर वर्षानुवर्षे कोरत राहायचे, म्हणजे नाणे ‘जुने’ होणारच नाही! पुढे १८३५च्या कायद्याने कंपनीच्या मुलखात एकाच वजनाचा, यंत्रावर पाडलेला रुपया आला. १८० ग्रेन, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम. सगळी नाणी सारखी निघू लागली आणि रोजच्या व्यवहारातला बट्टा हळूहळू मागे पडला.

४/ मात्र यंत्राने सारखी केलेली नाणी संग्राहकाच्या हाती आली, तेव्हा बट्टा नव्या रूपात परतला. आता प्रश्न चांदीचा नव्हता, जपणुकीचा होता. हे नाणे किती हातांतून गेले? किती झिजले? त्यावर ओरखडे किती? अमेरिकेतील व्यापारी यासाठी ‘चांगले’, ‘उत्तम’, ‘अस्पर्शित’ असे शब्द वापरत. शब्द लवचीक असतात. तेच नाणे विकत घेताना ‘चांगले’ असे आणि विकताना ‘उत्तम’ होऊन जाई.

५/ १९४९ मध्ये डॉ. विल्यम शेल्डन यांनी यावर उपाय म्हणून आकडे आणले. अमेरिकेच्या सुरुवातीच्या तांब्याच्या मोठ्या सेंटवरील ग्रंथात त्यांनी १ ते ७० अशी मोजपट्टी मांडली. ७० का? हिशेब थेट बाजारातला होता. जेमतेम ओळखू येणाऱ्या सेंटची किंमत एक धरली, तर निर्दोष सेंटची किंमत त्याच्या सत्तर पट, असे त्यांचे गणित. पुढे भाव बदलले आणि गणित मोडले. आकडे मात्र राहिले. आज जगभर नाण्यांच्या डबीवर दिसणारा ७० हा ‘परिपूर्ण’ अंक म्हणजे १९४९च्या बाजारभावाचा अवशेष आहे.

६/ शेल्डन मुळात मानसशास्त्रज्ञ. माणसाच्या शरीराची ठेवण तीन अंकांत मांडायची आणि त्यावरून स्वभाव सांगायचा, हा त्यांचा सिद्धान्त एके काळी गाजला. आज त्याला शास्त्रीय मान्यता उरलेली नाही. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातील सरस सेंट काढून त्यांच्या जागी हलक्या प्रतीचे सेंट त्यांनी ठेवले, हे पुढे उघडकीस आले. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. मूळ नाणी ओळखता आली, त्यात जुन्या छायाचित्रांचा मोठा वाटा होता. छायाचित्रांची ही साक्ष लक्षात ठेवा. शेवटी तिच्याकडे परत यायचे आहे.

७/ शेल्डन यांची मोजपट्टी तांब्याच्या सेंटसाठी होती. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनने १९७०च्या दशकात ती सर्व नाण्यांना लावली. न वापरलेल्या नाण्यांसाठी ६० ते ७० हा पट्टा होता. सुरुवातीला त्यात ६०, ६५, ७० असे मोजकेच टप्पे होते. पैसा वाढला तसे टप्पेही वाढले आणि १९८०च्या दशकात अकराही अंक वापरात आले. फरक जितका बारीक झाला, तितके दोन पारख्यांचे एकमत अवघड झाले.

८/ १९८६ मध्ये पीसीजीएस या कंपनीने काम सुरू केले, १९८७ मध्ये एनजीसीने. त्रयस्थ जाणकार नाणे पाहणार, अंक देणार आणि ते पारदर्शक प्लॅस्टिकच्या डबीत कायमचे बंद करणार, अशी ही पद्धत. संग्राहकाला यात मोठा आधार होता. याचा एक परिणाम असा झाला की व्यापारी न पाहताच, केवळ डबीवरच्या अंकावर, नाणी विकत घेऊ लागले. नाणे शेअरसारखे झाले. वॉल स्ट्रीटच्या गुंतवणूक संस्थाही या बाजारात उतरल्या.

९/ शेअर म्हटला की प्रत्येक शेअर सारखा असावा लागतो. इथे ६५ म्हणजे ६५च, याची खात्री कोण देणार? लोक डबी फोडून तेच नाणे पुन्हा पाठवत. कधी अंक एकाने वाढून येई. १९९० मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने पीसीजीएसवर आक्षेप घेतला, की प्रतवारी वस्तुनिष्ठ आणि सातत्यपूर्ण असल्याचा जाहिरातींतील दावा अतिरंजित आहे. प्रकरण समझोत्याने मिटले. पण प्रश्न जाहीरपणे विचारला गेला होता : माणसाचा डोळा हे मोजमापाचे साधन होऊ शकते का?

१०/ याच वातावरणात संगणक आला. १९९० मध्ये पीसीजीएसने ‘द एक्स्पर्ट’ नावाची यंत्रणा जाहीर केली. पाठोपाठ ‘कॉम्प्युग्रेड’ नावाची कंपनी आली. ती तर अंक दशांशात देई. या प्रयोगांचे पहिले नाणे होते मॉर्गन डॉलर. १८७८ ते १९०४ आणि पुन्हा १९२१ मध्ये पाडलेले, २६.७३ ग्रॅम वजनाचे, ९० टक्के चांदीचे नाणे. निवड योग्यच होती. हे नाणे मोठे आहे, विपुल आहे, आणि त्यावरील लिबर्टीचा गाल रुंद व गुळगुळीत असल्याने प्रत्येक ओरखडा त्यावर उठून दिसतो.

११/ हे ओरखडे आले कुठून? टांकसाळीतून हे डॉलर हजार-हजारांच्या पिशव्यांत भरले जात. एका पिशवीत जवळजवळ २७ किलो धातू. पिशवी उचलली, आपटली, की नाण्याच्या कडा शेजारच्या नाण्याच्या गालात रुतत. म्हणजे कधीही बाजारात न फिरलेले नाणेही जखमी असे. संगणकाचे काम वरवर सोपे वाटते : छायाचित्र घ्या, खुणा मोजा, त्यांची लांबी-खोली पाहा, गालावरच्या खुणेला जास्त गुण कापा, केसांत लपलेल्या खुणेला कमी. बेरीज करा, अंक द्या.

१२/ पण खुणा हा प्रतवारीचा एकच भाग. दुसरा भाग झळाळी. ठसा जोराने आदळला की धातू कडेकडे वाहतो आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा उमटतात. नाणे दिव्याखाली तिरपे फिरवले, की प्रकाशाची आरी गाडीच्या चाकासारखी त्यावरून फिरते. ही झळाळी एका स्थिर छायाचित्रात पकडता येत नाही. ती हालचालीतच दिसते. पारखी नाणे बोटांत धरून सतत हलवतो, त्याचे कारण हेच.

१३/ तिसरा भाग ठशाचा जोर. न्यू ऑर्लिन्सच्या टांकसाळीतील अनेक मॉर्गन डॉलरांवर लिबर्टीच्या कानावरचे केस सपाट दिसतात. ही झीज आहे, की मुळात ठसाच नीट उमटला नाही? दोन्हींचे चित्र जवळजवळ सारखे. जाणकार तिथली झळाळी पाहतो. झळाळी शाबूत असेल तर ठसा दुबळा होता. नसेल तर नाणे वापरले गेले. आणि चौथा भाग सर्वांत निसरडा : नाणे डोळ्याला भावते का? वर्षानुवर्षे चढलेली निळी-सोनेरी छटा एकाला शोभा वाटते, दुसऱ्याला डाग.

१४/ ‘द एक्स्पर्ट’ आणि ‘कॉम्प्युग्रेड’ दोन्ही अल्पायुषी ठरले. त्याच सुमारास नाण्यांचा फुगलेला बाजारही कोसळला. तेव्हाचे कॅमेरे आणि संगणक दुबळे होते, हे खरेच. पण केवळ शक्ती कमी पडली, असे म्हणून हा अध्याय मिटवता येणार नाही. यंत्राने कोणाशी जुळायचे, हा प्रश्न तेव्हाही सुटलेला नव्हता. नाण्याची लांबी-रुंदी निसर्गात असते. ‘६५’ निसर्गात नसतो. तो जाणकारांच्या परस्पर समजुतीत असतो, आणि ती समजूत काळाबरोबर सरकते.

१५/ ही सरक संग्राहकांना चांगली ठाऊक आहे. जुन्या डबीतले ६४ आज पुन्हा तपासले तर ६५ होते, असा अनुभव इतका सर्रास आहे की जुन्या डब्यांना वेगळी मागणी असते. आता विचार करा. आजचे डीप लर्निंग हे नियमांवर चालत नाही, उदाहरणांवर शिकते. लाखो नाण्यांची छायाचित्रे आणि त्यांना माणसांनी दिलेले अंक त्याला दाखवले जातात. १९९०च्या अंकांवर शिकलेले यंत्र आणि आजच्या अंकांवर शिकलेले यंत्र एकाच नाण्याला वेगळे अंक देतील. शिष्याला गुरूची दृष्टी मिळते, तशीच गुरूची चूकही मिळते.

१६/ मग यंत्राचा उपयोग काय? मोठा आहे, पण वेगळ्या जागी. २०१० मध्ये पीसीजीएसने लेसर स्कॅनने नाण्याचा जणू अंगठ्याचा ठसा घेण्याची सोय आणली. नाणे पुन्हा तपासणीला आले तर यंत्र ओळखते : हे आधी येऊन गेले आहे. मधल्या काळात कोणी ओरखडा बुजवला, कृत्रिम छटा चढवली, तर तुलनेत ते उघडे पडू शकते. इथे यंत्राला सौंदर्य कळावे लागत नाही. त्याला फक्त विसरायचे नसते. शेल्डन यांच्या प्रकरणात छायाचित्रांनी जी साक्ष दिली, तीच साक्ष आता प्रत्येक नाण्यासाठी शक्य झाली आहे.

१७/ संशोधनात तर हे बळ अधिकच जाणवते. २०१२ मध्ये इंग्लिश खाडीतील जर्सी बेटावर सुमारे ७०,००० नाण्यांचा, मुख्यतः केल्टिक नाण्यांचा, ठेवा सापडला. कोणती नाणी एकाच ठशातून निघाली, हे ओळखले की नाण्यांचा क्रम लावता येतो आणि टांकसाळ किती चालली याचा अंदाज बांधता येतो. पण प्रत्येक नाणे प्रत्येक नाण्याशी ताडायचे, तर जोड्यांची संख्या दोन अब्जांच्या वर जाते. एका संशोधकाचे आयुष्य पुरणार नाही. अशा कामात संगणक संभाव्य जोड्या पुढे ठेवतो आणि माणूस शेवटचा निवाडा करतो.

१८/ आता मॉर्गन डॉलरचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात चांदीची तीव्र टंचाई झाली. १९१७ मध्ये एक रुपयाची नोट काढावी लागली. नोटेच्या बदल्यात रुपया मिळेल हा विश्वास डळमळू लागला, तेव्हा ब्रिटनने अमेरिकेकडे चांदी मागितली. एप्रिल १९१८च्या पिटमन कायद्याने २७,०२,३२,७२२ चांदीचे डॉलर वितळवले गेले. त्यांपैकी २५,९१,२१,५५४ डॉलरांची चांदी ब्रिटनला, हिंदुस्थानासाठी विकली गेली. मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळींत तिचे रुपये झाले.

१९/ हिशेब करून पाहा. एका डॉलरात सुमारे २४ ग्रॅम शुद्ध चांदी, एका रुपयात सुमारे १०.७ ग्रॅम, म्हणजे एका डॉलरातून जवळपास सव्वादोन रुपये. १९०४ पर्यंत पाडलेल्या मॉर्गन डॉलरांपैकी जवळजवळ निम्मे असे नाहीसे झाले. कोणत्या सालाचे किती वितळले, याची नोंद ठेवली गेली नाही. आज एखादे साल दुर्मीळ का, याचे उत्तर अनेकदा याच भट्टीत आहे. तुमच्या पणजोबांच्या कमरेच्या कशातला पंचम जॉर्जचा रुपया कदाचित कधीकाळी डॉलर होता. ही कथा कोणत्याही कॅमेऱ्याला त्या रुपयाच्या पृष्ठभागावर दिसणार नाही.

२०/ आणि शिवराई? छत्रपती शिवाजी महाराजांचे हे तांब्याचे नाणे हाताने घाव घालून पाडलेले. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. ठसा नाण्याच्या चकतीपेक्षा बहुधा मोठा, म्हणून काही अक्षरे कडेबाहेर जातात. कारागिरागणिक अक्षरांचे वळण वेगळे, टिंबांची मांडणी वेगळी, वजनातही थोडाफार फरक. पुढे पेशवाईत आणि त्यानंतरही शिवराया पाडल्या गेल्या. मॉर्गन डॉलरवर शिकलेल्या यंत्राला यातील प्रत्येक वेगळेपण ‘दोष’ वाटेल. आपल्याला तोच इतिहास आहे.

२१/ इथे एक खरा धोका आहे. उद्या मोबाइलवर छायाचित्र टाकताच अंक सांगणारी साधने सर्वांच्या हाती येतील. त्यांना चकाकी आवडते असा समज पसरला, तर घरोघरी शिवराया चिंचेने घासल्या जातील. आजही जातात. घासलेल्या नाण्यावरचा जुना थर एकदा गेला की परत येत नाही. अक्षरांच्या बारीक कडा बोथट होतात आणि ठशांची जोडी जुळवण्याचा पुरावाच पुसला जातो. चुकीच्या मोजपट्टीने मोजण्यात असे नुकसान होते, की लोक वस्तूलाच मोजपट्टीसारखी करू लागतात.

२२/ म्हणून माझा अंदाज असा. नव्या, एकसारख्या, यंत्रावर पाडलेल्या नाण्यांची पहिली चाळणी संगणक करील, आणि ते योग्यच होईल. थकलेल्या डोळ्यापेक्षा तो सातत्य राखतो. बनावट नाणी पकडण्यात वजन, घनता आणि धातूची क्ष-किरण तपासणी यांना त्याची जोड मिळेल. ओळख पटवणे आणि आठवण ठेवणे ही कामे हळूहळू त्याच्याकडेच जातील. पण त्याने नुसता अंक देऊन थांबू नये. कोणत्या खुणेसाठी किती गुण कापले, हे त्याने नाण्याच्या चित्रावर दाखवावे. सराफाला बट्ट्याचे कारण विचारता येत असे. यंत्रालाही विचारता आले पाहिजे.

२३/ आपल्या नाण्यांसाठी मोजपट्टी दुसरे कोणी तयार करून देणार नाही. त्यासाठी हजारो शिवरायांच्या चांगल्या नोंदी हव्यात, आणि त्या तुम्ही करू शकता. घरात जुने नाणे असेल तर ते घासू नका. दोन्ही बाजूंची छायाचित्रे तिरप्या उजेडात घ्या. वजन ग्रॅमच्या दोन दशांश स्थळांपर्यंत नोंदवा. नाणे कोणाकडून, कोणत्या गावातून आले, ते लिहा. शेतात किंवा पायात ठेवा सापडला, तर १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. शंभर वर्षांहून जुनी नाणी परदेशी नेण्यावर १९७२च्या कायद्याने बंधन आहे.

२४/ नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. मुंबईत फोर्ट भागात रिझर्व्ह बँकेचे नाणे संग्रहालय आहे. जमेल तेव्हा जा, एखादे नाणे काचेआडून का होईना, थोडा वेळ शांतपणे पाहा. ते कोणाच्या हातांतून गेले असेल, कोणी ते बट्टा लावून घेतले असेल, याचा विचार करा. डबीवरचा आकडा एका दिवसाची किंमत सांगतो. नोंद नीट ठेवली, तर नाणे पुढच्या पिढीलाही स्वतःची हकिकत सांगू शकेल. तुमच्याकडच्या शिवराईची छायाचित्रे आणि वजन खाली जरूर कळवा. एकत्र पाहू, कोणती कोणाची जोडीदार निघते ते.